अंधाऱ्या खोलीतले इनासकाका

आमच्या भुईगावावरून लढाऊ विमानं क्वचितच जायची, पण गेली की वाडीवाडीतून माणसं बाहेर पडायची. बायका हातातलं टाकून ओट्यावर यायच्या, पुरुष विहिरीशी थांबायचे आणि सगळ्यांच्या माना वर. एकटे इनासकाका तेवढे खाली बघायचे. पायाशी काहीतरी सांडलंय आणि ते शोधताहेत असं वाटावं, इतकं मन लावून. आवाज समुद्राकडे विरला की मग म्हणायचे, "दोन होती. मागचं उशिरा वळलं. पोरगा नवीन दिसतोय." आम्हाला एकच दिसलेलं असायचं, आणि तेही धड नाही.

लग्न होऊन मी अलिबागकडून इथं आले ती एकाहत्तरच्या युद्धानंतर चार-पाच वर्षांनी. इनासकाका त्याच सुमाराला वायुदलातून निवृत्त होऊन वडिलांच्या वाडीवर परतले होते. आमच्या आणि त्यांच्या वाडीच्या मध्ये एक बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीला पुरवायचं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या एका काठाला आमची केळी आणि दुसऱ्या काठाला त्यांच्या पानवेली. गावात सगळे त्यांना 'विमानवाले' म्हणत. मी हायस्कुलात भूगोल शिकवायची नोकरी धरलेली, तोंडाने फटकळ, आणि नवी सून असूनही गप्प बसायची सवय नव्हती. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "तुम्ही वैमानिक होता ना?"

ते म्हणाले, लढाऊ विमानात आपण जन्मात बसलेलो नाही. आपण जमिनीवर बसून वैमानिकांना सांगायचो, कुठं जायचं, कधी वळायचं.

"म्हणजे कंडक्टर," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की आता माहेरीच पाठवतात. पण इनासकाका बावखलाच्या काठावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुढे कुणी पाहुणा आला की ते स्वतःची ओळख तशीच करून द्यायचे आणि मला हाक मारायचे ती 'बाई' म्हणून, शाळेतली पोरं मारतात तशी.

त्यांचं काम काय होतं ते मला हळूहळू कळलं. एक अंधारी खोली, तिच्यात एक गोल पडदा, आणि पडद्यावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी उजेडाची रेघ. विमान जिथं असेल तिथं रेघ गेली की एक हिरवा ठिपका पेटायचा आणि हळूहळू विझायचा. कानाला यंत्र लावून हे त्या ठिपक्यांशी बोलायचे. वीसेक वर्षं ज्यांना वळवलं, चढवलं, उतरवलं, ती विमानं त्यांनी डोळ्यांनी फारशी बघितलीच नव्हती. म्हणून तर ते वर बघत नसत. वर बघितलं की आपल्याला काही कळेनासं होतं, असं ते म्हणायचे.

"वैमानिकाला जग खिडकीएवढं दिसतं, बाई," हे त्यांचं पेटंट वाक्य. जुन्या काळी जोडीनं उडायचे ते एकमेकांची पाठ राखायला. मागे कोण येतंय ते बघताना मानेचं कातडं सोलून निघायचं. ज्याला आधी दिसलं तो जगला. मग जमिनीवरचं रडार आलं आणि सगळा खेळच पालटला. आता वरच्यानं आपलं रडार बंद ठेवायचं, कारण ते चालू केलं की समोरच्याला सुगावा लागतो. खालच्यानं बघायचं आणि सांगायचं. वरच्यानं आंधळ्यासारखं ऐकत ऐकत पाठीशी जाऊन उभं राहायचं. "बघणाऱ्यानं बोलायचं, मारणाऱ्यानं गप्प राहायचं," असं ते मला ओट्यावर चिकू मांडून समजावायचे. शेवटी शत्रूचा चिकू खाऊन टाकायचे.

नातालबायला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे सगळं नुसतं विचित्र वाटायचं. ती पाचूबंदरची कोळीण. तिच्या भावांच्या होड्या होत्या, आणि होडीवाला कधी मासळीची जागा सांगतो का? "आमच्याकं म्हावरं कुठं गावलं ते भाऊ भावाला सांगत नाय," ती मला म्हणायची. "आनि ह्यो मानूस सगल्यांना सांगत सुटतो, कोन कुठं हाय." तिच्या मते आपल्याला दिसलेलं दुसऱ्याला फुकट देणारा माणूस संसारात बुडायचाच. तो बुडाला नाही याचं श्रेय ती स्वतःकडे घ्यायची, आणि त्यात तथ्य होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा विल्सन. घरात विली. तो लढाऊ वैमानिक झाला तेव्हा इनासकाकांनी गावभर फुग्या, म्हणजे त्यांच्याकडचे सणाचे तळलेले गोळे, वाटल्या. पण पहिल्या सुट्टीतच बापलेकांचं वाजलं. विलीच्या पिढीला खालून कुणी सांगितलेलं खपत नसे. आकाशात आपण, यंत्र आपलं, जीव आपला, मग खोलीत पंख्याखाली बसलेल्याचं का ऐकायचं? जेवताना तो एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "पापा, आम्ही काय गाडीचे बैल? तुम्ही कासरा ओढायचा आणि आम्ही वळायचं?"

इनासकाका म्हणाले, "कासरा नाही रे. डोळे. माझे डोळे तुला देतोय, तर तुला ते जड झालेत."

दर सुट्टीत हाच वाद. सुरुवात हवापाण्यापासून व्हायची आणि शेवट रडारवर. विली हुशार होता, हजरजबाबी होता, बापाला शब्दांत सहज पकडायचा. तो निघून गेला की इनासकाका वेलींना पाणी घालता घालता त्याच्या प्रश्नांची उत्तरं पुटपुटत राहायचे. मला त्यांची दया यायची. त्यांना वाद जिंकायचा नव्हता. वर गेलेला आपला मुलगा खिडकीएवढं बघून जगेल कसा, ही धास्ती त्यांना होती, आणि धास्ती वाटते असं ते मुलाला म्हणू शकत नव्हते.

मधल्याच एका नाताळाची गोष्ट सांगायला हवी. सणासाठी पोसलेलं नातालबायचं डुक्कर दोरी तोडून पळालं. गल्लीतले सगळे पुरुष त्याच्या मागे. ज्याला ते दिसे तो ओरडे, आणि ओरडलं की डुक्कर भलतीकडे. मी आमच्या ओट्यावरून बघत होते आणि शाळेतली कवायत याहून बरी असते असं मनात म्हणत होते. शेवटी इनासकाका पाण्याच्या टाकीवर चढले. म्हणाले, कुणी डुकराकडे बघायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही. प्रत्येकानं मी सांगेन तिथं जाऊन उभं राहायचं.

खरं सांगते, बघण्यासारखं होतं ते. शेजारचा जुजे आणि बाकीची माणसं केळींच्या आड एकेका जागी मुकाट उभी राहिली. इनासकाका वरून हळू आवाजात एकेकाला सरकवत होते: जुजे, डावीकडं, अजून, बस. आपल्यामागे कुणी नाही असं समजून डुक्कर निवांत चरायला लागलं आणि भोवतीचं रिंगण आवळत गेलं. इतक्यात ते केळींच्या दाट बेटात शिरलं. त्याच बेटात जुजेचं डुक्करही माती उकरत होतं. दोन्ही दिसेनाशी झाली. मग दोन बाजूंनी दोन डुकरं बाहेर आली, रंगानं सारखी, अंगानं सारखी. इनासकाकांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "जुजे, तुझ्या समोर. घे." आणि जुजेनं झेप घालून आपल्याच डुकराला मिठी मारली.

सगळी वाडी हसून लोटपोट झाली. जुजेला लोक नंतर वर्षभर चिडवत होते. इनासकाका मात्र टाकीवरून उतरले ते पांढरेफटक पडलेले. दुपारी जेवलेही नाहीत. त्यांचं डुक्कर संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आलं तरी त्यांचा चेहरा तसाच. "डुकरापायी कोन उपाशी ऱ्हातं?" असं नातालबाय मला विचारत होती, आणि मीही हसण्यावारी नेलं.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्याला विलीची बदली झाली आणि त्याला नवीन विमान मिळालं. त्या वर्षी गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, तो सुट्टी घेऊन आला. चर्चमधून मंडळी परतली आणि मलाही जेवायला बोलावणं होतं. त्यांना डुकराच्या मटणाचं इंद्याल, माझ्यासाठी वेगळं बांगड्याचं कालवण. विली बदललेला होता. नेहमीची चढाई नाही, आवाज खाली. जेवता जेवता तो आपण होऊन बोलायला लागला. सगळं सांगता येत नव्हतं, पण सांगण्यासारखं होतं तेवढं त्यानं सांगितलं.

पूर्वी जोडी जवळजवळ उडायची, तो म्हणाला. आता जोडीदार इतका लांब असतो की नजरेला पडत नाही, आणि पडायची गरजही नाही. खालच्या रडारला जे दिसतं ते सरळ वैमानिकासमोरच्या, दिशा दाखवणाऱ्या सुईत उतरतं. त्याच्या सुईत आणि जोडीदाराच्याही. सुई वळली की वळायचं. कुणी बोलत नाही, त्यामुळे कुणाला ऐकूही जात नाही. आपलं रडार शेवटपर्यंत बंद. एकानं समोरून दिसत राहायचं आणि दुसऱ्यानं न दिसता बाजूनं यायचं, आणि समोरच्याला कळायच्या आत... इथं आई ताटात वाढतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला.

मग म्हणाला, "पापा, तू बरोबर होतास. एकट्यानं बघायचे दिवस गेले. मी उगाच भांडत होतो."

या एका वाक्याची त्या माणसानं किती वाट पाहिली होती ते मला ठाऊक होतं. मी कौतुकानं इनासकाकांकडे पाहिलं. त्यांनी हातातली फुगी ताटात ठेवली होती. त्यांनी विचारलं, सुई चुकली तर तुला कसं कळतं?

विली हसला. "चुकत नाही ती. तिथं माणूस नाही ना, चुकायला."

इनासकाकांनी ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आपला आवाज आता कुणाला नको झाला याचं त्यांना वाईट वाटलं असावं. तसं ते असतं तर मी समजू शकले असते. पण ते म्हणाले, "मग ऐक," आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली जी नातालबायनंही कधी ऐकली नव्हती.

युद्धाचे दिवस, संध्याकाळची वेळ. पडद्यावर एक ठिपका शत्रूचा आणि त्याच्या मागे यांनी लावलेलं आपलं विमान. तेवढ्यात आपलंच दुसरं एक विमान मोहिमेवरून परतत होतं आणि त्याचा रेडिओ बंद पडला होता. ते आणि शत्रूचं विमान पडद्यावर जवळ आली, आणि दोन ठिपक्यांचा एक ठिपका झाला. पुन्हा त्याचे दोन झाले तेव्हा इनासकाकांना वाटलं, कुठला कुठला ते आपल्याला पक्कं कळलंय. त्यांनी आपल्या माणसाला सांगितलं, समोर आहे तोच, मार.

"मग?" विलीनं विचारलं.

"त्यानं माझं ऐकलं नाही. जवळ गेला, डोळ्यांनी बघितलं आणि बटणावरचं बोट काढून घेतलं. समोर आपल्याच विमानाचं शेपूट होतं."

त्या परतणाऱ्या विमानातला मुलगा तळावर नुकताच आलेला होता, विली आता आहे एवढा. दुसऱ्या दिवशी इनासकाकांच्या शेजारी बसून जेवला. त्याला कधीच कळलं नाही. ज्यानं बोट काढून घेतलं तो रात्री या अंधाऱ्या खोलीत आला, यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की आज आकाश स्वच्छ होतं म्हणून दिसलं, आणि निघून गेला. त्यानंही वर कुणाकडे तक्रार केली नाही.

"तुला आयुष्यभर सांगत आलो, खालच्याचं ऐक," इनासकाका म्हणाले. "आणि आज मी इथं ताठ मानेनं बसलोय तो माझं न ऐकणाऱ्या एका माणसामुळं. सुई आपोआप हलत नाही विली. तिच्या मागं कुठल्यातरी खोलीत कुणी इनास बसलेला आहे. माझा आवाज थरथर कापला तर वरच्याला निदान संशय तरी यायचा. सुई कापत नाही. आणि ती चुकली तर आता एकाला नाही, सगळ्यांना एकदम चुकवते."

मला जुजेचं डुक्कर आठवलं आणि मी मान खाली घातली. नातालबाय पातेलं हातात धरून उभीच होती. विलीचा चेहरा आधी उतरला आणि मग लाल झाला. "एवढी वर्षं तू माझ्याशी भांडलास," तो म्हणाला, "आणि हे तुला माहीत होतं." त्यानं हात धुतले आणि तो बाहेर गेला. सुट्टी शिल्लक होती तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघाला. आईच्या पाया पडला. बापाला फक्त येतो म्हणाला.

संध्याकाळी मी बावखलाच्या काठाशी त्यांना गाठलं. मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मी म्हटलं, काका, एवढं जुनं उकरून काढायची काय गरज होती? सुईवर डोळे मिटून विसंबू नकोस, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तो तुम्हाला मान द्यायला आला होता, तो तरी घ्यायचा.

ते म्हणाले, उपदेश केला असता तर त्यानं नेहमीसारखा सोडून दिला असता. हे तो विसरणार नाही.

"पण तो रागावलाय."

"रागावू दे, बाई. रागावायला माणूस जिवंत लागतो."

असं म्हणून ते पाण्याकडे बघत राहिले आणि मग रडले. मी तिथंच उभी राहिले. मुलाच्या नजरेतली आपली किंमत त्या माणसानं स्वतःच्या हातानं फेकून दिली होती, ती परत मिळेल याची काही खात्री नसताना. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर म्हणतात की माया, मला अजून ठरवता येत नाही.

पुढच्या नाताळात विली आला खरा, पण दोघं पाऊसपाण्याचं आणि केळीच्या भावाचं बोलले. रडारचा विषय कुणी काढला नाही. घर आधी वादानं भरायचं ते शांत झालं, आणि नातालबायला ती शांतता मुळीच आवडली नाही. इनासकाका विमान गेलं की अजून खाली बघायचे, पण किती होती आणि कुठलं उशिरा वळलं ते सांगायचं त्यांनी सोडून दिलं. मी मुद्दाम विचारायची. ते म्हणायचे, लक्ष नव्हतं.

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमाराला, पानवेलींत काम करता करता त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. विली दुसऱ्या दिवशी पोचला, गणवेशातच. दफनविधी झाला, माणसं पांगली, आणि आम्ही तिघं त्यांच्या ओट्यावर बसलो: तो, नातालबाय आणि मी. मग तो माझ्याकडे बघून बोलायला लागला, बहुतेक आईकडे बघून बोलता येत नव्हतं म्हणून.

या उन्हाळ्यात समुद्रावर सराव चालू होता. सुई स्थिर होती, जोडीदाराचीही तशीच, सगळं अगदी ठीक. आणि त्याला अचानक वाटलं की खाली कोण बसलंय ते आपल्याला माहीत नाही. नियम मोडून, शांतता मोडून त्यानं रेडिओवर विचारलं, खाली कोण आहे, तुला स्वतःला दिसतंय का? खालचा मुलगा गडबडला. म्हणाला, थांबा सर, परत बघतो. परत बघितलं. सुई सरकली, म्हणजे आधी ती चुकीची दाखवत होती.

"सराव होता, काही बिघडलं नसतं," विली म्हणाला. "पण तेव्हापासून मी प्रत्येक वेळी विचारतो. आता आमच्यातले बाकीचेही विचारतात. पापा जन्मभर सांगत होता, खालच्याचं ऐक, तेव्हा मी ऐकलं नाही. सुईचं ऐकलं, कारण सुई म्हणजे पापा नव्हता. 'मी चुकलो होतो' असं पापा स्वतः ज्या दिवशी म्हणाला ना, त्या दिवसापासून मला खालच्या माणसाचं ऐकता यायला लागलं."

हे आपण नाताळच्या सुट्टीत येऊन पापाला सांगणार होतो, म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

नातालबाय इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती सरकत सरकत त्याच्याजवळ आली.

"मंग आता सांग," ती म्हणाली. "मला सांग. मी पन त्याचं कदी ऐकलं नाय."

विलीनं गणवेशाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वारा कुठून होता, उंची काय होती, जोडीदार कुठं होता, सुई कुठं होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती, आणि त्याचं सांगून संपेपर्यंत तिनं त्याला मध्ये एकदाही थांबवलं नाही.